भरलेली टाकी

१

मंगळवारी सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं, तेव्हा मला काहीच वावगं दिसलं नाही. टाकी काठोकाठ भरलेली होती, काच लख्ख पुसलेली होती. हवेचा पंप बुडबुडे सोडत होता आणि पाणी थंड ठेवणारं यंत्र नेहमीसारखं गुरगुरत होतं. मग मी दिवा लावला. ट्राउट माशांची सगळी पिल्लं तळाच्या गोट्यांवर उलटी पडली होती. एकही हलत नव्हतं.

मी कोट न काढताच तपासायला सुरुवात केली. तापमान बरोबर होतं. अमोनिया नव्हता. क्लोरीनसाठी कागदाची पट्टी बुडवली, तीही पांढरीच राहिली. काचेवर दोन गोगलगाई सावकाश सरकत होत्या, जणू काही घडलंच नव्हतं.

आमची हॅलेट स्ट्रीटवरची शाळा मॅग्नेट शाळा आहे. निम्मी मुलं खालच्या पेनरोझ शहरातली, निम्मी वर हॉलो रिजच्या डोंगरावरची. कुणावर सक्ती नाही. नदीविज्ञान शिकायच्या ओढीनं अर्ज करायचा आणि सोडतीत नाव निघालं तर यायचं. कनेटिकट राज्याच्या आमच्या कोपऱ्यात शहरातल्या शाळा काळ्या आणि प्वेर्तो रिकन मुलांच्या, डोंगरावरच्या शाळा गोऱ्या मुलांच्या, असंच पिढ्यान् पिढ्या चालत आलं होतं. आमच्या वर्गांत ती वाटणी नव्हती, आणि ती नसावी म्हणूनच सरकार अनुदान देत होतं. डोंगरावरून येणाऱ्या बस त्यावर चालत. ही प्रयोगशाळा त्यावर उभी होती. गुरुवारी वॉशिंग्टनहून दोन पाहुणे येणार होते, अनुदान पुढे चालू ठेवायचं की थांबवायचं हे ठरवायला. थांबलं तर बस थांबणार, आणि बस थांबल्या की शाळेतली मुलं पुन्हा आपापल्या बाजूला जाणार.

मुख्याध्यापिका डॉ. बेकविथ आल्या आणि टाकीकडे पाहत नुसत्याच उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठोपाठ ग्रेग लिंडक्विस्ट आत आले. रिजवरच्या पालकांचे ते पुढारी. मुलीला सोडायला आले होते, बातमी त्यांना दारातच कळली होती.

"ब्लीच," ते म्हणाले. "दुसरं काही नाही. काल त्या टिलमनबाईंच्या हातात ब्लीचची बाटली होती. याच खोलीतून घेऊन बाहेर पडल्या. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"पट्टीवर क्लोरीन दिसत नाही," मी म्हणाले.

"मग तुमची पट्टी जुनी असेल! आणि कारण शोधायची गरज आहे का? 'त्यापेक्षा शाळेला कुलूप लावा,' हे भर सभेत कोण म्हणालं होतं?"

म्हणाली होती हे खरं. मिस ओडेसा टिलमन, गल्लीत सगळे आदरानं तिला असंच म्हणतात, हॅलेट स्ट्रीटच्या रहिवासी संघाची अध्यक्षा. तिचा नातू थेरॉन शाळेच्या समोरच्याच घरात राहतो आणि सोडतीत त्याचं नाव निघालं नव्हतं. जानेवारीच्या सभेत तिनं माईक हातात घेऊन ठणकावलं होतं, "शाळा आमच्या गल्लीत, आणि आमच्याच पोरांनी चिठ्ठीची वाट बघायची? त्यापेक्षा कुलूप लावा!" तरीही गुरुवारी पाहुण्यांसमोर गल्लीतर्फे बोलायला डॉ. बेकविथनी तिलाच राजी केलं होतं.

"उद्या संध्याकाळच्या सभेत मी ठराव मांडणार," लिंडक्विस्ट म्हणाले. "यापुढे त्या बाईंना शाळेत पाऊल टाकू द्यायचं नाही. नाही तर आमची मुलं कुणाच्या भरवशावर पाठवायची?"

ते गेल्यावर डॉ. बेकविथ माझ्याकडे वळल्या.

"इव्हेट, तिला बाहेर काढलं तर गल्ली गेली. नाही काढलं तर डोंगर गेला. कुठलीही एक बाजू गेली तरी पाहुण्यांना दाखवायला काय उरतं?" त्यांनी मेलेल्या माशांकडे पाहिलं. "हे कुणी केलं ते उद्या संध्याकाळपर्यंत मला कळायला हवं. तूच शोध. तुझ्यावर दोन्हीकडचे चिडत नाहीत."

"चिडतात. मी बोलत नाही, म्हणून कळत नाही."

"तेच म्हणतेय मी," त्या म्हणाल्या.

२

सोमवारी सुट्टी होती, पण गुरुवारच्या तयारीसाठी पालक दुपारीच जमले होते. मी प्रयोगशाळेसमोरच्या मार्गिकेत बसून पाट्या कापत होते. त्यामुळे आत कोण गेलं हे मला ठाऊक होतं. आत काय झालं ते ठाऊक नव्हतं. तिघंच गेले होते. लिंडक्विस्ट शिडी घेऊन फलक लावायला. शेजारच्या शाळेचे मुख्याध्यापक रुबेन माल्डोनाडो बघायला. आणि मिस ओडेसा. ती लगेच बाहेर आली होती आणि तिच्या हातात खरोखरच बाटली होती. मग सगळे खाली जेवायला गेले. मी दार ओढून कुलूप लावलं, टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी रस्ता ओलांडून तिच्या घरी गेले. दार तिनंच उघडलं.

"आलीस? हातकड्या आणल्यास का?"

"मिस ओडेसा, मी फक्त विचारायला आलेय."

"मग बस आधी. उभ्यानं विचारतात ते पोलीस."

स्वयंपाकघरात तिनं ओट्यावरच्या काचेच्या जगमधलं पाणी किटलीत ओतलं. मग नळाखाली जग भरून पुन्हा जागच्या जागी ठेवला आणि चहाचे कप काढले. माझी आईसुद्धा अगदी असंच करते.

"ब्लीच कशाला घेतलंत?"

"तुमच्या रिजच्या पोरांनी लाल सॉस सांडला, टेबलभर! एकाही आईला उठावंसं वाटलं नाही. स्वयंपाकघरातली बाटली रिकामी होती. तुझ्या खोलीत सिंकखाली असते, मला माहीत आहे. घेतली, टेबल पुसलं, बाटली आणून ठेवली तुझ्या टेबलावर, मार्गिकेत. तूच म्हणालीस 'थँक यू.'"

म्हणाले होते खरी. बाटली मीच आत नेऊन ठेवली होती, दाराजवळच्या कपाटात, दिवा न लावता.

"टाकीत काही टाकलंत का?"

तिनं कप खाली ठेवला. "मासे मारून मला काय मिळणार गं? मला भांडायचं असतं तेव्हा मी माईक हातात घेते. बाटली नाही."

"टाकीकडे पाहिलंत तरी?"

"पाहिलं. खोटं कशाला सांगू. मनात आलं, यांच्यासाठी थंड पाण्याचं यंत्र, यांच्यासाठी खास जेवण, आणि माझ्या थेरॉनला 'पुढच्या वर्षी बघू.' पण माशाचा काय दोष? त्यालाही चिठ्ठी काढूनच आणलं असेल."

मला हसू आलं. ती हसली नाही.

"एक सांगते, इव्हेट. उद्या त्या ठरावावर हात वर झाले, तर गुरुवारी मी येणार नाही. आणि मी आले नाही तर या गल्लीतलं कुत्रंसुद्धा येणार नाही. मग दाखव तुझ्या पाहुण्यांना, सगळे कसे एकत्र नांदतात ते."

३

रुबेन माल्डोनाडोची शाळा दोन चौक पलीकडे आहे. तिला ना खास विषय, ना अनुदान. पूर्वी मी त्याच्याच शाळेत शिकवत होते, त्यामुळे आमचं बोलणं अघळपघळ असतं.

"या, बाईसाहेब," तो म्हणाला. "आता आमच्याकडचं कोण पळवायचंय? सातवीतला एक चांगला आहे. गणितात हुशार. थांब, बांधून देतो."

"रुबेन, मासे मेले."

त्याचा चेहरा बदलला. "सगळे? अरेरे. खरंच वाईट झालं. मला आनंद झालाय असं वाटत असेल तर माझा चेहराच तसा आहे, काय करू?"

त्याच्या कपाटावर पाण्याचा जग होता, वर बशी झाकलेली. त्यानं मला त्यातलं पाणी ओतून दिलं.

"काल आमच्या प्रयोगशाळेत तू काय करत होतास?"

"जळफळत होतो. आणखी काय करणार? आमच्याकडे दोन सूक्ष्मदर्शक, त्यातला एक मोडका. तुमच्याकडे माशांना वातानुकूलन! मी सरकारला दर वर्षी विचारतो की दोन शाळांमधली भिंत पाडायला पैसे देता, तर एका शाळेचं छप्पर नीट करायला का नाही? उत्तर येत नाही."

"टाकीत काही टाकलंस?"

"नजर टाकली. बाकी काही नाही. एक टोमणाही मारला, कबूल करतो. टाकी निम्मीशिम्मी रिकामी होती. मी म्हणालो, 'एवढं सरकारी अनुदान, आणि टाकी भरायला पाणी नाही!'"

"कुणाला म्हणालास?"

"हवेला. शिडीवर एकजण फलक ठोकत होता, त्याला ऐकू गेलं असेल. कानशिलं लाल झाली होती त्याची."

मी पाणी अर्धवट सोडून उठले.

"काय झालं?" रुबेननं विचारलं.

"सकाळी टाकी भरलेली होती," मी म्हणाले.

रिकामी टाकी पाहिली की माणूस विचारतो, असं का? भरलेली पाहून कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

शाळेत परतल्यावर मी आठवीच्या दोन मुलींना बोलावलं. माशांची जबाबदारी त्यांच्याकडे होती. यारेलिस कोटो हॅलेट स्ट्रीटच्या मागच्या गल्लीतली. इंग्रिड लिंडक्विस्ट डोंगरावरची, ग्रेग लिंडक्विस्टांची मुलगी. दोघींचे डोळे रडून सुजले होते.

"शुक्रवारी पाणी बदललंत का?"

"घाण पाणी काढलं, मिस," यारेलिस म्हणाली. "नवीन नाही घातलं. पिंप त्याच दिवशी भरलं होतं ना."

"ते तसंच ठेवायचं असतं," इंग्रिड घाईनं म्हणाली. "आज सकाळी घालणार होतो. आम्ही विसरलो नव्हतो, मिस. शप्पथ."

"मला माहीत आहे. तुमचं काही चुकलं नाही."

त्या गेल्यावर मी कोपऱ्यातल्या निळ्या पिंपाचं झाकण उचललं. टाकीत कुणीतरी बादल्यांनी पाणी ओतलं होतं. आणि पिंप मात्र काठोकाठ भरलेलं होतं. त्यातला एक तांब्यासुद्धा कमी झाला नव्हता.

४

डोंगर चढायच्या आधी मी एक काम केलं. सिंकच्या नळाखाली बादली भरली, पट्टी बुडवली, रंग टिपून ठेवला. मग एक जादा हवेचा पंप त्या बादलीत सोडला, चालू केला आणि दाराला कुलूप लावलं.

हॉलो रिजवर बर्फ अजून वितळला नव्हता. घरं एकमेकांपासून लांब, मध्ये झाडं. शहराच्या जलवाहिन्या डोंगराच्या पायथ्याशीच थांबतात. लिंडक्विस्टांनी अदबीनं दार उघडलं, माझा कोट घेतला, मला स्वयंपाकघरात बसवलं.

"तुम्हाला इथवर यावं लागलं याचं वाईट वाटतं, मिस लॅटिमर. पण माझं मत बदलणार नाही."

"बदला असं म्हणायला मी आले नाही. काल तुम्ही टाकीजवळ बराच वेळ होता. तुम्ही पाण्यात काही टाकलंत का?"

"मी?" ते मनापासून दुखावले. "माझी मुलगी त्या माशांना नावानं हाक मारते. आमच्या घरात जेवताना दुसरा विषय नसतो. आणि मी त्यांच्या पाण्यात काही टाकेन?"

"तुमच्यासमोर कुणी टाकलं?"

"टिलमनबाई सिंकखाली वाकल्या होत्या. माझी पाठ होती. तेवढ्यात त्यांनी काय केलं ते देव जाणे. आणि तो दुसरा गृहस्थ नुसता टोमणे मारून गेला." त्यांनी सुस्कारा टाकला. "खरं सांगू? या शाळेसाठी मी शेजाऱ्यांशी भांडलोय. 'मुलीला खाली पाठवतोस?' म्हणून इथले लोक मला विचारतात. मी म्हणतो, तिथे ती जास्त शिकते. आता त्यांना काय तोंड दाखवू? ते म्हणणार, बघ, आम्ही सांगितलं होतं."

त्यांचं दुःख खरं होतं. खोटं बोलणारा माणूस सहसा थोडं जास्त समजावतो. हे समजावत नव्हते, तक्रार करत होते.

"तुम्हाला पाणी देऊ?" ते म्हणाले आणि उठून थेट नळाखाली ग्लास धरला. मी एक घोट घेतला. पाणी थंडगार होतं आणि त्याला लोखंडाची चव होती. पांढऱ्या सिंकमध्ये नळाच्या बरोबर खाली एक तांबूस डाग पडला होता. मी ओट्यावरून नजर फिरवली. फळांची टोपली, कॉफीचं यंत्र, पावाचा डबा.

"मिस्टर लिंडक्विस्ट, तुमच्याकडे पाण्याचा जग नसतो का?"

"जग?" ते माझ्याकडे पाहतच राहिले. "कशाला?"

५

बुधवारी दुपारी मी लिंडक्विस्टांना सभेच्या आधी प्रयोगशाळेत बोलावलं. एकट्यालाच. दार लावून घेतलं.

"ही बादली मी काल इथल्या नळाखाली भरली," मी म्हणाले. "भरल्या भरल्या पट्टी बुडवली, ती गुलाबी झाली. म्हणजे क्लोरीन होतं. पेनरोझचं पाणी क्लोरीन घालूनच नळाला येतं. आता तीच बादली." मी नवी पट्टी बुडवून त्यांच्यासमोर धरली. ती पांढरी राहिली. "पंपानं तेवढ्या वेळात सगळं हवेत उडवलं. टाकीतही पंप चालू होता. म्हणून मंगळवारी सकाळी मला काही सापडलं नाही. क्लोरीन आपलं काम करून निघून गेलं होतं."

"म्हणजे मी म्हणत होतो तेच! ब्लीच म्हणजे क्लोरीनच ना?"

"जवळपास तेच. पण या गोगलगाई बघा. जिवंत आहेत. गोट्यांवरचं शेवाळ बघा. हिरवंगार आहे. रागाच्या भरात कुणी बाटली ओतली असती तर ते कागदासारखं पांढरं पडलं असतं. इथे क्लोरीन अगदी थोडं होतं. माणूस पितो तेवढंच, किंबहुना त्याहूनही कमी. ट्राउटच्या पिल्लांना तेवढंही पुरतं."

त्यांनी वाकून गोट्यांकडे पाहिलं.

"दुसरी गोष्ट. विष घालणारा माणूस टाकी भरून ठेवत नाही. काच पुसत नाही. हे करणाऱ्याला टाकी सुंदर दिसायला हवी होती. सोमवारी दुपारी माल्डोनाडोंनी पाहिली तेव्हा ती अर्धी रिकामी होती. मुलींनी मुद्दाम तशी ठेवली होती. या पिंपातलं पाणी क्लोरीन उडून जावं म्हणून मुरायला ठेवलं होतं, ते मंगळवारी घालायचं होतं. पिंप भरलेलंच आहे. म्हणजे पाणी नळाचं."

"पण हे कुणीही करू शकतं."

"नाही. पेनरोझमधलं कुणीही करणार नाही." मी थांबले, कारण इथून पुढचं मला हळू सांगायचं होतं. "इथल्या पाण्याला वास येतो. आम्ही जन्मापासून तो ओळखतो. या गावात घरोघरी ओट्यावर जग असतो. आज भरायचा, उद्या प्यायचा. मिस ओडेसांच्या घरी आहे, माल्डोनाडोंच्या कचेरीत आहे, माझ्याकडे आहे. नळाचं पाणी तडक माशाला घालणं म्हणजे उकळता चहा तान्ह्या बाळाला पाजण्यासारखं. आमच्या हाताला ते सुचणारच नाही. ज्याच्या घरी जमिनीतल्या बोअरचं पाणी येतं, ज्याच्यासाठी पाणी म्हणजे नुसतं पाणी असतं, त्यालाच ते सुचेल. सोमवारी आत गेलेल्या तिघांत असा एकच माणूस होता."

लिंडक्विस्ट शेजारच्या बाकावर बसले.

"तो दुसरा गृहस्थ हसत होता," ते म्हणाले. "'टाकी भरायला पाणी नाही.' मला लाज वाटली. पाहुणे येणार, आणि आपली टाकी अशी... मी बादली घेतली. तीनचार खेपा केल्या असतील. काच पुसली. वाटलं, इंग्रिडला बरं वाटेल." त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही काल मला विचारलंत, पाण्यात काही टाकलं का. मी खोटं नाही बोललो. पाणी म्हणजे काय 'काही' असतं का?"

"तुम्ही खोटं बोलला नाहीत. कुणीच बोललं नाही. म्हणून तर वेळ लागला."

"इंग्रिडला हे माहीत होतं? पाणी मुरवायचं वगैरे?"

"पहिल्याच आठवड्यात शिकवतो. घरी बोलली नाही?"

"बोलली असेल." ते हातांकडे पाहत होते. "ती जेवताना इतकं बोलते... माझं लक्ष नसेल."

खाली जेवणघरात खुर्च्या मांडल्याचे आवाज येऊ लागले.

"मिस लॅटिमर, गुरुवार जाऊ द्या. मी ठराव मागे घेतो. गुपचूप. पाहुणे गेले की मग सांगू सगळ्यांना."

"तुम्ही गुपचूप मागे घेतलात तर लोक म्हणतील, लिंडक्विस्टांनी मोठ्या मनानं तिला माफ केलं. तिनं तर काही केलेलंच नाही."

"पण रिजवरचे लोक... ते माझं काय करतील ठाऊक आहे?"

"तुमचं नाव मी घेणार नाही," मी म्हणाले. "ते तुमचं तुम्ही ठरवा. पण मिस ओडेसांनी हे केलं नाही, एवढं मी सांगणार. कारणांसकट."

६

जेवणघर भरलं होतं. डाव्या बाजूला गल्ली, उजव्या बाजूला डोंगर, मध्ये रिकामी वाट. मुलं वर्गात मिसळून बसतात. त्यांच्या आईबापांना ते कुणी शिकवलेलं नाही. मिस ओडेसा पहिल्या रांगेत, टोपी घालून, चर्चला जाताना बसते तशी ताठ बसली होती.

मला सभेत बोलायची सवय नाही. मी बादली आणली होती, पट्ट्या आणल्या होत्या, आणि वर्गात सांगते तसं सांगितलं. भरलेली टाकी, भरलेलं पिंप, जिवंत गोगलगाई. जगची गोष्ट आली तेव्हा डाव्या बाजूला माना डोलल्या आणि उजव्या बाजूला लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"म्हणजे हे आमच्यापैकी कुणी केलं म्हणता?" उजवीकडून एक बाई ओरडली. "नाव सांगा!"

"मी एवढंच म्हणते की मिसेस टिलमननी केलं नाही."

"हे बरंय! नाव न घेता आम्हा सगळ्यांवर ठपका!"

गलका वाढला. डॉ. बेकविथ उभ्या राहिल्या, कुणी ऐकेना. मी बादलीच्या कडेला धरून उभी होते आणि उजव्या रांगेकडे पाहायचं टाळत होते. मग एक खुर्ची सरकली.

"मी केलं," ग्रेग लिंडक्विस्ट म्हणाले.

गलका एकदम थांबला.

"टाकी भरावी असं वाटलं. नळाचं पाणी घातलं. मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायला हवं होतं. माझ्या मुलीला माहीत आहे. आणि दुसऱ्या दिवशी मी एका बाईचं नाव घेतलं, कारण..." ते अडखळले. "कारण ते पटकन सुचलं. मिसेस टिलमन, मी तुमची माफी मागतो."

मिस ओडेसा सावकाश उठली. तिनं टोपी नीट केली.

"पटकन सुचलं," ती म्हणाली. "हे मात्र खरं बोललात. आम्हाला ते आयुष्यभर माहीत आहे. तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं." ती पुरती त्यांच्याकडे वळली. "माफी आज घेत नाही. ठेवून घेते. उद्या पाहुणे आले की तिथेही हेच सगळं असंच सांगाल का?"

"तिथे?" डॉ. बेकविथ पुटपुटल्या. "ओडेसा, पाहुण्यांसमोर कशाला..."

"का? त्यांना चकचकीत काच दाखवायची आहे का? तेवढ्यासाठीच तर मासे मेले."

लिंडक्विस्ट म्हणाले, "सांगेन."

गुरुवारी टाकीत फक्त पाणी आणि दोन गोगलगाई होत्या. पाहुण्यांपैकी एक बाई होत्या, बारीक चष्म्याच्या. त्यांनी टाकीपुढे थांबून विचारलं, "मासे कुठे आहेत?" आणि लिंडक्विस्टांनी सांगितलं. एक शब्द न वगळता, रिजवरचे चार पालक मागे उभे असताना. मग यारेलिसनं आणि इंग्रिडनं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी शेजारी शेजारी ठेवून फरक दाखवला. त्या दोघींनी आदल्या रात्री, सभेनंतर, एकमेकींच्या घरून नमुने आणले होते. हे मी सांगितलेलं नव्हतं.

बाईंनी वही मिटली आणि मिस ओडेसाकडे वळल्या.

"तुम्ही जानेवारीत म्हणाला होता की या शाळेला कुलूप लावा. आमच्याकडे तशी नोंद आहे. अजूनही तसंच वाटतं का?"

डॉ. बेकविथनी डोळे मिटून घेतले.

"नोंद बरोबर आहे," मिस ओडेसा म्हणाली. "माझा नातू त्या समोरच्या खिडकीतून ही शाळा बघतो आणि दुसऱ्या शाळेत चालत जातो. त्यासाठी मी भांडत राहणार, तुमच्याशीसुद्धा. जास्त जागा द्या, दोन चौक पलीकडच्या शाळेलाही छप्पर द्या. पण काल या जेवणघरात एका माणसानं उभं राहून सांगितलं की त्यानं माझ्यावर खोटा आळ घेतला. मी चौसष्ट वर्षांची आहे, बाई. असं कधी झालेलं मी पाहिलं नव्हतं. हे लोक डोंगरावर राहिले असते आणि आम्ही खाली, तर ते झालंच नसतं. पैसे बंद करायची भाषा कराल तर आधी माझ्याशी गाठ आहे."

मे महिन्यात अनुदान पुढे चालू राहिल्याचा फोन आला. जागा थोड्या वाढल्या. हव्या तेवढ्या नाहीत. छपराबद्दल कुणी काही बोललं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या सभेत जिल्हा कार्यालयाचा एक तरुण अधिकारी आला आणि बसचा थांबा शाळेपासून लांब, हमरस्त्यावर नेणार असल्याचं त्यानं सांगितलं. तो वाक्य पुरं करण्याआधीच डावीकडून मिस ओडेसा उठली आणि उजवीकडून लिंडक्विस्ट उठले. दोघं एकदमच बोलू लागले. मग लिंडक्विस्ट थांबले आणि हातानं खूण केली, "आधी तुम्ही." मिस ओडेसानं माईक घेतला. त्या बिचाऱ्या अधिकाऱ्याकडे पाहून मला खरोखर दया आली.